फळातलं जंतुनाशक आणि 'नैसर्गिक' या शब्दाचा घोळ

आंबट रसात सहसा काही वाढत नाही हे माणसाला जंतू माहीत व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं, त्यात फार शिरत नाही. फळांतले नेमके पदार्थ हाती लागायला लागले ते 19व्या शतकात. 1859 मध्ये रोवन नावाच्या झाडाच्या कच्च्या फळांपासून सॉर्बिक अॅसिड मिळालं, पण ते बुरशीला रोखतं हे कळेपर्यंत 1930 चं दशक संपत आलं होतं. बेन्झोइक अॅसिडचं नशीब त्या मानाने बरं, त्याचा हा गुण 1875 मध्येच लक्षात आला. क्रॅनबेरीत ते मुळातच असतं आणि ती बेरी बराच काळ टिकते त्यात त्याचाही वाटा आहे.

इथूनच गुंता सुरू होतो. अमेरिकेत 1906 मध्ये खाद्यपदार्थांच्या शुद्धतेचा कायदा आला आणि कारखान्यात बनवलेलं बेन्झोएट, म्हणजे बेन्झोइक अॅसिडचंच क्षाररूप, अन्नात चालेल का यावर भांडण जुंपलं. सरकारी रसायनतज्ज्ञांनी तरुण स्वयंसेवकांना ते रोज खायला घालून बघितलं आणि वाईट म्हणून निकाल दिला, मग उत्पादक तक्रार घेऊन थेट वरपर्यंत पोचले, दुसरी समिती नेमली गेली आणि तिने 1909 मध्ये सांगितलं की थोड्या प्रमाणात काही अपाय नाही. परवानगी मिळाली, पण लेबलवर तसं लिहायचं. म्हणजे तोच रेणू बेरीत असला की फळ आणि बाटलीत टाकला की केमिकल, आणि बॅक्टेरियाला यातलं काहीच वाचता येत नाही. त्याच्यापुरता प्रश्न पीएचचा, म्हणजे आंबटपणाच्या मापाचा असतो (आकडा जितका कमी तितकं आंबट). आंबट रसात हे अॅसिड अखंड राहतं, अखंड असतं म्हणून पेशीच्या आवरणातून आत घुसतं, आत पीएच 7 च्या आसपास, तिथे ते फुटतं आणि आम्लता सोडतं, मग ती बाहेर फेकण्यातच पेशीची सगळी ताकद जाते. कमी आंबट पदार्थात हेच अॅसिड जवळजवळ निकामी.

तरीही 'आंबट आहे ना, मग सेफ' हा समज 1990 पर्यंत मस्त चालला. मोडला तो सफरचंदाने. 1991 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये न उकळलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय O१५७ ची साथ आली, रसाचा पीएच 4 च्या खाली असूनही. नंतर तपासलं तर फ्रिजमधल्या साध्या रसात हा जंतू 20 दिवस जिवंत राहिला, आणि 0.1 टक्का सोडियम बेन्झोएट घातलं तर 7 दिवसांच्या आतच संपला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोलका प्रयोग हाच, कारण ज्या पदार्थावरून 80 वर्षांपूर्वी रण माजलं होतं तोच इथे कामाला आला. 1996 मध्ये पुन्हा तसाच रस, 70 च्या आसपास आजारी आणि एका लहान मुलीचा मृत्यू. मग 1998 मध्ये इशाऱ्याचं लेबल आणि 2001 मध्ये नियम आला की रसातले धोकादायक जंतू एक लाख पटीने कमी केलेच पाहिजेत. संत्र-लिंबू वर्गाला मात्र सवलत, फळाच्या सालीवर केलेली प्रक्रियाही हिशोबात धरली जाते, कारण चांगल्या फळाच्या आत जंतू नसतात असं मानलं गेलं. ही सवलत मला जरा सैलच वाटते.

आणि याच सुमारास 'नैसर्गिक' शब्दाची खरी फजिती झाली ती ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्कात. हा अर्क नैसर्गिक जंतुनाशक म्हणून धडाक्यात विकला जात होता, जंतू वाढवलेल्या पेट्री डिशवर टाकला की भोवती जंतू नसलेलं मोठं स्वच्छ वर्तुळ दिसायचं, मग अजून काय पुरावा हवा. 1999 मध्ये जर्मनीत बाजारातले सहा अर्क तपासले गेले. त्यातले पाच अर्क जंतू मारत होते आणि त्या पाचांतही कृत्रिम प्रिझर्वेटिव्ह सापडले, मुख्यतः बेन्झेथोनियम क्लोराइड. सहाव्यात असलं काही नव्हतं, आणि तो जंतूही मारत नव्हता! संशोधकांनी बिया आणि गर घेऊन स्वतः अर्क काढून बघितला, त्यातही दम नव्हता.

म्हणजे फळांत काही नसतंच असं नाही हां. बेरींमधली एलॅजिटॅनिन्स किंवा डाळिंबाच्या सालीतलं प्युनिकॅलॅजिन ही टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, प्रयोगशाळेत बऱ्याच जंतूंना आवरतात. पण रस वापरला असेल तर आधी त्याची आम्लता मारून मग जंतूंवर टाकला होता का, हे बघावं लागतं, नाहीतर नुसत्या आंबटपणाचं श्रेय टॅनिनला जातं. शिवाय डिशवर जोरात चालणारा पदार्थ खऱ्या अन्नात गेला की प्रोटीन आणि फॅटला चिकटून बसतो, मग तोच परिणाम मिळवायला कितीतरी जास्त घालावा लागतो, आणि तेवढा घातला की चव तुरट होते.