वीज बिल कमी करण्यासाठी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारे बहुतेक ग्राहक बिलाची एकूण रक्कम पाहून चिंतेत पडतात. आमची विनंती अशी की, आधी त्या महिन्याचे युनिट पाहावेत. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत, आणि शंभरानंतरच्या युनिटचा वीज आकार पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट पडतो. टप्पा ओलांडला की सगळेच युनिट महागतात, हा समज मात्र चुकीचा आहे. वाढीव दर फक्त वरच्या युनिटना लागतो. म्हणूनच महिन्याला वाचवलेले वीस-तीस युनिट हे नेहमी तुमच्या सर्वांत महागड्या युनिटमधून वजा होतात.

एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. तो रोज पंधरा तास फिरला तर महिन्याला सुमारे ३४ युनिट होतात, तर तेवढ्याच वेळात ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा साडेतेरा युनिट घेतो. दिवसभर फिरणारा पंखा बदलणे त्यामुळे फायद्याचे ठरते. पाहुण्यांच्या खोलीतला, क्वचित लागणारा पंखा आम्ही विकत असलो तरी बदलू नये असेच सांगू, कारण त्याची किंमत वसूल व्हायला फार वर्षे लागतील. जुना, मोठ्या डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो आधी बदलावा. पंखा हळू केला तरी उरलेली वीज त्यात उष्णता होऊन वाया जाते.

गिझर दोन हजार वॅटचा असला तरी खरा प्रश्न तो किती वेळ चालू राहतो हा असतो. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट लागते. अंघोळीनंतर बटण चालूच राहिले तर टाकीतले पाणी निवत जाते आणि पुन्हा पुन्हा तापवले जाते. एसी २४ अंशांवर ठेवावा व जाळी नियमित धुवावी. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढून पाहावा. सहज निघून आला तर दाराचे रबर बदलायला झाले आहे.

एवढे करूनही बिल खाली येत नसेल, तर घरातील सर्व उपकरणांचे प्लग काढून, दिवे-पंखे बंद करून, पण मेन स्विच चालू ठेवून मीटरवरील लुकलुकणारा लाल दिवा काही मिनिटे पाहावा. इन्व्हर्टरही वेगळा करायला विसरू नये. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती असण्याची शक्यता आहे, आणि हा प्रश्न बिलापेक्षा जिवाच्या सुरक्षिततेचा अधिक आहे. अशा वेळी मेन स्विच बंद करून परवानाधारक तंत्रज्ञाला बोलवावे; मीटरचे सील मात्र कोणीही उघडू नये, ते काम केवळ वीज कंपनीचेच आहे.