औद्योगिक सहजीवन

एका कारखान्यातील टाकाऊ पदार्थ, उष्णता किंवा सांडपाणी शेजारच्या दुसऱ्या कारखान्याने कच्चा माल म्हणून वापरण्याची व्यवस्था. औद्योगिक परिस्थितिकी (उद्योगांतील पदार्थ व ऊर्जेच्या प्रवाहांचा निसर्गातील परिसंस्थांच्या धर्तीवर अभ्यास) या शाखेतील ही एक प्रमुख संकल्पना आहे. या विषयाच्या अभ्यासक मॅरियन चर्टो यांचा निकष सर्वसाधारणपणे ग्राह्य धरला जातो : किमान तीन स्वतंत्र संस्था आणि त्यांच्यात किमान दोन वेगवेगळ्या संसाधनांची देवाणघेवाण.

या व्यवस्थेचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण डेन्मार्कमधील झीलंड बेटावरचे कालुंडबोर्ग हे बंदर होय. तेथील भूजल तुटपुंजे होते. म्हणून 1961 च्या सुमारास तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी टिसो सरोवराचे पाणी नळाने आणले गेले. 1972 मध्ये याच कारखान्यात एरवी जाळून टाकला जाणारा वायू जिप्सम-फलक बनवणाऱ्या जिप्रॉक कारखान्याला मिळू लागला. पुढे कोळशावर चालणाऱ्या आस्नेस औष्णिक वीजकेंद्राची वाफ नोवो या इन्शुलिन व विकरे (एन्झाइम) बनवणाऱ्या उद्योगाला व तेलशुद्धीकरणाला, उष्णता गावातील घरांना आणि राख सिमेंट उद्योगाला जाऊ लागली. नोवोचा गाळ खत म्हणून शेतांवर पडू लागला. वीजकेंद्राकडून जिप्रॉकला जिप्सम देण्याचा दुवा 1993 चा. वीजकेंद्राच्या धुरावर पाण्यात कालवलेली चुनखडी फवारली की धुरातील गंधक तिच्याशी संयोग पावतो आणि हवेच्या साहाय्याने त्याचे जिप्सम बनते. स्पेनहून येणाऱ्या खनिज जिप्समची जागा बऱ्याच अंशी या जिप्समने घेतली.

ही रचना कोणी योजली, हा प्रश्न वादग्रस्त आहे. प्रारंभीच्या लेखनात कालुंडबोर्ग हे नियोजित ‘परिस्थितिकीय उद्यान’ (अशा देवाणघेवाणीसाठी मुद्दाम आखलेली औद्योगिक वसाहत) असल्यासारखे रंगवले गेले. गर्टलर व एरनफेल्ड या संशोधकांच्या 1997 च्या विवेचनातून मात्र निराळे चित्र दिसते : प्रत्येक दुवा दोन कंपन्यांमधील स्वतंत्र करार होता, त्यामागे बहुधा खर्चाचा हिशेब किंवा प्रदूषण-नियमांचा दाब होता आणि एकत्रित आराखडा कधीच नव्हता. त्या दुव्यांचे मिळून एक जाळे झाले आहे, हे स्थानिकांच्याही 1989 च्या आसपासच लक्षात आले असे दिसते. ‘सहजीवन’ हे नाव वीजकेंद्राच्या एका व्यवस्थापकाच्या पत्नीने सुचवले, असे सांगितले जाते. तथापि भूगोलज्ञ जॉर्ज रेनर यांनी 1947 मध्येच उद्योगांच्या स्थाननिश्चितीच्या संदर्भात ही संज्ञा वापरली होती. अभ्यासक पिएर देरोशे यांच्या मते तर उपपदार्थांचा असा व्यापार एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय उद्योगांत सर्रास चाले. बाजारपेठेने तो घडवला, धोरणाने नव्हे. हे मत काहीसे टोकाचे वाटते, कारण आस्नेसला गंधक काढणे नियमांमुळेच भाग पडले. तरीही स्वयंस्फूर्त उगमाचा पक्ष अधिक सबळ आहे. 1990 नंतर अमेरिकेत वरून आखलेली अशी बहुतेक औद्योगिक उद्याने फारशी रुजली नाहीत, हेही त्याला पूरकच आहे.

अशा जाळ्याची तग धरण्याची क्षमता हा तुलनेने नवा अभ्यासविषय. चोप्रा व खन्ना या संशोधकांच्या 2014 च्या विश्लेषणात आस्नेस हा कालुंडबोर्गच्या जाळ्याचा सर्वांत नाजूक बिंदू ठरला : तो निखळल्यास सर्वाधिक दुवे तुटतात. पर्यायी पुरवठादार आणि राखीव क्षमता ठेवल्यास धोका घटतो, पण काटकसर थोडी कमी होते. ज्या काटकसरीसाठी जाळे उभे राहिले, तिच्याशीच हा उपाय झगडतो. पुढे 2019 च्या अखेरीस आस्नेस येथे लाकडाच्या चिपांवर चालणारा संच सुरू झाला. वाफ व उष्णतेचे दुवे टिकले. लाकडात गंधक मात्र अत्यल्प असल्याने, कोळसा मागे पडताच जिप्समचा पाया ढासळतो. प्रदूषणाचा एक स्रोत मिटवताना त्यावर पोसलेला दुसरा उद्योग उघडा पडतो, ही बाब पूर्वीच्या गौरवपर लेखनात क्वचितच आढळते.

भारतात म्हैसूरजवळील नंजनगूड औद्योगिक क्षेत्राचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील टाकाऊ पदार्थांपैकी बहुतांश पुन्हा वापरात येतात, असे त्यात आढळले. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांत बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) बॉयलर व सहवीजनिर्मिती, मळीपासून आसवनीत अल्कोहोल आणि प्रेसमड (रस गाळताना उरणारा गाळ) व स्पेंटवॉश (आसवनीचे सांडपाणी) मिळून कंपोस्ट, अशी साखळी असते. ती बहुधा एकाच संस्थेच्या मालकीची असल्याने चर्टो यांच्या निकषात काटेकोरपणे बसत नाही. सभासद शेतकरी स्वतंत्र घटक मानल्यास बसू शकते. तग धरण्याचा प्रश्न येथेही आहे : ऊस कमी पडलेल्या हंगामात बगॅस व मळी एकदमच घटतात.