पांढरा-लाल-पांढरा ध्वज, बेलारूसचा

बेलारूसमधील लोकशाहीवादी विरोधकांचे निशाण. समान रुंदीचे तीन आडवे पट्टे. मधला लाल, वरचा व खालचा पांढरा. बेलारूसी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘बेचेबे’ असेही म्हणतात.

ध्वजाच्या उगमाविषयी एकमत नाही. लोकांत रुजलेली कथा अशी की, जखमी सरदाराने रक्ताने माखलेली पांढरी पट्टी निशाण म्हणून उंचावली आणि सैन्याला पुन्हा लढाईत नेले. काही जण ही कथा ग्रुनवाल्डच्या लढाईशी (१४१०) जोडतात. तिला समकालीन आधार मिळत नाही. दुसरे मत रंगांचा उगम ‘पाहोनिया’त, म्हणजे आजचा बेलारूसही ज्यात होता त्या लिथुएनियाच्या ग्रँड डचीच्या (मध्ययुगीन राज्याच्या) राजचिन्हातील लाल पार्श्वभूमीवरच्या शुभ्र घोडेस्वारात शोधते. ओर्शाच्या लढाईच्या (१५१४) सोळाव्या शतकातील चित्रात पांढऱ्या निशाणांवर लाल क्रूस आहेत. पण ते तीन पट्टे नव्हेत. आजचा आराखडा १९१७ च्या सुमारास पेत्रोग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) बेलारूसी वास्तुविशारद क्लावदी दुझ-दुशेव्स्की (१८९१–१९५९) यांनी केला, हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांनी रंग पाहोनियावरूनच घेतले असणे शक्य असल्याने शेवटची दोन मते परस्परांना छेद देत नाहीत. २५ मार्च १९१८ रोजी स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या बेलारूसी लोक प्रजासत्ताकाने हाच ध्वज वापरला.

या कालनिर्णयाला राजकीय महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातील प्रदेशात नाझींशी सहकार्य करणाऱ्यांनी हा ध्वज वापरला होता. त्यावरून बेलारूसचे सरकार त्याला नाझींचे निशाण ठरवते. परंतु तोवर तो सुमारे पाव शतक वापरात होता, हे विसरता येत नाही.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी तो राष्ट्रध्वज झाला. १४ मे १९९५ च्या सार्वमतानंतर राष्ट्राध्यक्ष अलेक्सांद्र लुकाशेंका यांच्या राजवटीने सोव्हिएत काळातील ध्वजाशी मिळताजुळता लाल-हिरवा ध्वज आणला.

९ ऑगस्ट २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लुकाशेंका यांना विजयी घोषित करणाऱ्या निकालाविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले, ते हाच ध्वज घेऊन. पुढे घराच्या खिडकीत तो लावणेही न्यायालयांनी विनापरवाना निदर्शन ठरवले आणि दंड व कोठडीच्या शिक्षा दिल्या. मिन्स्कमध्ये रहिवाशांनी ‘परिवर्तन चौक’ असे नाव दिलेल्या एका वसाहतीच्या अंगणात ११ नोव्हेंबर २०२० रोजी मुखवटे घातलेली माणसे कुंपणावरच्या पांढऱ्या-लाल फिती कापायला आली. ‘मी बाहेर पडतोय’ एवढेच शेजाऱ्यांना कळवून रामान बांदारेंका खाली उतरले. जबर मारहाणीनंतर दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते दारूच्या नशेत होते, असे अधिकारी सांगत राहिले. रक्तात मद्य नसल्याची वैद्यकीय माहिती प्रसिद्ध करणाऱ्या पत्रकार महिलेला २०२१ मध्ये सहा महिन्यांची कैद झाली. फितींसाठी माणूस जातो आणि खरे लिहिणारी तुरुंगात जाते, ही या ध्वजाच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक नोंद होय.

अशा शिक्षांची माहिती मुख्यतः ‘व्यास्ना’ (स्थापना १९९६) या मानवी हक्क संघटनेने जमवली आहे. तिचे संस्थापक आलेस ब्यालियात्स्की यांना २०२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक (विभागून) जाहीर झाले, तेव्हा ते कोठडीत होते. २०२३ मध्ये सरकारने ‘व्यास्ना’ला ‘अतिरेकी गट’ ठरवले.