शेर, अच्छेर, पावशेर आणि संगणक

“संगणकाचे प्रकार चार. मायक्रो, मिनी, मेनफ्रेम आणि सुपर.” बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकणारी माझी पुतणी हे एका दमात म्हणते. गेल्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीबरोबर ती माझ्यासोबत कारखान्याच्या काट्यावर आली होती. रांग मोठी होती. काट्याच्या खोलीत एक कॉम्प्युटर पावत्या छापत होता आणि त्याच्या शेजारी लाल आकड्यांचा एक लहानसा डबा होता.

“काका, तो पावत्यांचा कॉम्प्युटर मायक्रो. मग हा लाल आकड्यांचा डबा काय आहे?”

“तोही कॉम्प्युटरच.”

“मग चारातला कुठला?”

चारातला कुठलाच नाही. त्या दिवसापासून हा लेख डोक्यात आहे. मुलांना आपण चार नावं पाठ करायला लावतो आणि जगात ज्या जातीचे संगणक सगळ्यात जास्त आहेत, तीच त्यातून वगळतो.

ही चौकडी आकारावरून आणि किमतीवरून पडली आणि तिची सुरुवात साठ वर्षांपूर्वीची आहे. आयबीएमची सिस्टम-360 ही मेनफ्रेम मालिका 1964 सालची. खोलीभर यंत्र, वातानुकूलन, दिमतीला माणसं. पुढच्याच वर्षी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-8 आणला. तो कपाटाएवढा होता, म्हणून त्या मानाने ‘मिनी’. ती कंपनी 1998 मध्ये विकली गेली आणि त्या जातीचं यंत्र ‘मिनीकॉम्प्युटर’ म्हणून आज कुणी विकत नाही, तरी ते नाव वहीतून हललेलं नाही. 1971 मध्ये इंटेलने 4004 ही चिप काढली आणि संगणकाचा मेंदू नखाएवढ्या तुकड्यावर मावला. त्या वंशातले ते मायक्रो: घरातला डेस्कटॉप, लॅपटॉप, खिशातला मोबाईल. मेनफ्रेम मोठ्या बँकांत अजून राबतात. सुपरकॉम्प्युटरचं जवळचं उदाहरण पुण्याचं. हवामानाच्या अंदाजासाठी तिथे 2024 मध्ये ‘अर्क’ सुरू झाला. त्याची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे 11,770 लाख कोटी गणितं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पाऊस किती पडेल याचा अंदाज बांधायला असली ताकद लागते, कारण हवेच्या प्रत्येक तुकड्याचं गणित शेजारच्या तुकड्यावर अवलंबून असतं.

आता वगळलेली जात. तिला एम्बेडेड म्हणतात, म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसवलेला संगणक. त्याला पडदा लागतोच असं नाही, कळफलकही नाही, आणि तो जन्मभर एकच काम करतो. वॉशिंग मशीनमध्ये तो आहे, टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे, इन्व्हर्टरमध्ये आहे, मोबाईलवरून विहिरीची मोटर चालू करणाऱ्या स्टार्टरमध्ये आहे. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत सीएनसी लेथ, म्हणजे आपोआप कातकाम करणारी यंत्रं, ज्याच्या हुकमाने चालतात तोही असाच. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या आपल्याकडच्या पोरांना 8051 ही चिप आठवत असेल. ती 1980 ची. तिच्या आतली खेळती स्मृती (रॅम) फक्त 128 बाइट, म्हणजे मराठीतलं एक बऱ्यापैकी लांब वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. पण काट्यासारखं एकच काम नेटाने करायला असल्या चिपची ताकद पुरते.

काट्यावर ट्रॉली चढते तेव्हा नेमकं काय होतं, ते मला मनापासून सांगायचं आहे.

काट्याच्या पोलादी फळीखाली लोड सेल असतात. हे पोलादाचे भक्कम ठोकळे, पण उसाच्या भाराने तेही दबतात. डोळ्याला दिसणार नाही इतके, पण दबतातच. या ठोकळ्यावर धातूच्या पातळ पन्नीची नागमोडी पट्टी चिकटवलेली असते. ठोकळा दबला की पट्टी ताणली जाते किंवा आखडते. ताणलेली तार लांब आणि बारीक होते, म्हणून तिच्यातून वीज जरा जास्त अडते. तार ताणल्यावर विरोध बदलतो हे लॉर्ड केल्विनने 1856 मध्ये नोंदवलं होतं आणि त्यावरून ताण मोजणारी पट्टी 1938 मध्ये तयार झाली. बदल किती? विजेचा विरोध ओहममध्ये मोजतात; 350 ओहमच्या पट्टीत पूर्ण भाराला एक ओहमसुद्धा नाही.

इतका बारीक फरक सरळ मोजता येत नाही, म्हणून चार पट्ट्यांचा पूल बांधतात. एकाच धरणातून दोन पाट काढलेत, दोन्ही सारखे, आणि मधोमध त्यांना जोडणारी आडवी नळी टाकलीय असं समजा. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी असेल तोवर नळीतून थेंबही वाहत नाही. एका पाटाचा नळीच्या अलीकडचा भाग किंचित अरुंद झाला की नळीत पाणी सरकतं. व्हीटस्टनचा पूल तो हाच: नळीच्या अलीकडचे-पलीकडचे पाटांचे चार भाग म्हणजे चार पट्ट्या. पुलाला 10 व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला बाहेर येतात साधारण 20 मिलिव्होल्ट. काटा 60 टनांचा धरला तर 10 किलो उसाच्या वाट्याला फार तर तीन-साडेतीन मायक्रोव्होल्ट येतात. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या दीड व्होल्टचा हा साडेचार लाखावा भाग.

इथवर सगळं अॅनालॉग आहे, म्हणजे भार सलग वाढतो तशी वीजही सलग वाढते. संगणकाला मात्र आकडा हवा. मधला दुभाषी असतो अॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, आणि तो स्वतः एक तराजूच आहे. 1956 च्या कायद्याने किलो-ग्रॅम येण्याआधी आपल्या दुकानांत शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी वजनं असायची. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. छटाकात मोजलं तर 16, 8, 4, 2, 1.

समजा पारड्यात 11 छटाक गूळ आहे आणि प्रत्येक वजन एकदाच वापरायचं आहे. शेर ठेवला, जास्त झाला, काढला. अच्छेर ठेवला, कमी पडतोय, राहू द्या. पावशेर घातला, बारा झाले, काढा. नवटाक घातला, दहा, राहू द्या. छटाक घातला, काटा मधोमध. आता ठेवलेल्याला 1 आणि काढलेल्याला 0 लिहा: 01011. संगणकाच्या द्विमान लिपीत 11 हा आकडा पाच घरांत अस्साच लिहितात! वाण्याच्या हातून द्विमान गणित पिढ्यान्‌पिढ्या होत होतं.

पाच वजनांनी 0 ते 31 असे 32 आकडे मिळतात. शेवटच्या वजनाच्या निम्मं आणखी एक आणलं की 64. अशा 24 पायऱ्या झाल्या तर 1,67,77,216. चिपमध्ये ही वजनं लोखंडाची नसतात, ठराविक व्होल्टेजची असतात, आणि ठेव-काढ सेकंदाच्या लाखाव्या भागातही उरकू शकते. काट्यांत मात्र बहुतेक याचा चुलतभाऊ असतो, डेल्टा-सिग्मा. त्याच्याकडे वजन एकच. गुळाचं पारडं जड वाटलं की ते ठेवतो, हलकं वाटलं की काढतो, सेकंदाला हजारो वेळा. शंभर फेऱ्यांत किती फेऱ्या ते पारड्यात होतं, त्यावरून उत्तर. गती कमी, पण हजारो फेऱ्यांची सरासरी निघत असल्याने ट्रॅक्टरच्या इंजिनाची थरथर बरीचशी पुसली जाते.

पुढचं काम त्या डब्यातल्या लहान संगणकाचं: आलेल्या आकड्यातून रिकाम्या काट्याचा आकडा वजा करायचा आणि उरलेल्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणायचं. प्रमाणित वजनं काट्यावर ठेवून तो गुणक ठरवतात, स्मृतीत लिहितात आणि वर सील लावतात. वैधमापनाची, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याची, तपासणी दरवर्षी व्हावी लागते ती याचसाठी.

म्हणून “कॉम्प्युटर काटा आहे, चुकणारच नाही” हे वाक्य मला सलतं. गुणक चुकीचा असेल तर संगणक तीच चूक दर गाडीला इमानाने करील. दुसऱ्या टोकाला “अमावास्येला काटा वजन खातो” म्हणणारेही रांगेत भेटतात. त्याचं गणित सोपं आहे. चंद्र आणि सूर्य मिळून 20 टनांच्या ट्रॉलीच्या वजनात तीन-चार ग्रॅमांपलीकडे फरक पाडू शकत नाहीत, आणि अशा काट्याचा आकडा एका वेळी 5 किंवा 10 किलोंनी हलतो. खंडेनवमीला काट्याला हार घालावा, हळद-कुंकू वाहावं, त्यात कृतज्ञता आहे. पण वजन बिघडवतात ती कारणं जमिनीवरची आहेत: फळी आणि चौकटीच्या फटीत अडकलेला खडा, वायरींच्या जोडपेटीत शिरलेलं पाणी, उंदरांनी कुरतडलेली केबल, फळीवर साठलेला चिखल.

हे सगळं रांगेत पुतणीला सांगितलं. पुलाच्या गोष्टीपाशी तिचं लक्ष जरा उडालं होतं, गुळापाशी परत आलं. भरलेल्या ट्रॉलीचं वजन झालं, ऊस उतरला, रिकामी ट्रॉली घेऊन आम्ही पुन्हा काट्यापाशी आलो. पावतीवर कानडीत दोन ओळी छापून येतात, ‘ओट्टु तूक’ आणि ‘निव्वळ तूक’. तूक म्हणजे वजन, ओट्टु म्हणजे एकूण आणि निव्वळ दोन्ही भाषांत निव्वळच. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन गेलं की निव्वळ उरतं आणि पैसे त्याचेच मिळतात.

पुढची गाडी काट्यावरून उतरली तेव्हा पुतणी डब्याकडेच बघत होती.

“काका, वर कुणीच नाही, आणि 20 दाखवतंय.”

फळीवर चाकांचा चिखल पडला होता. तसंच चढलो असतो तर रिकामी गाडी 20 किलोंनी जड भरली असती आणि तेवढाच ऊस आमच्या निव्वळातून गेला असता. तिनेच खिडकीशी जाऊन सांगितलं. काट्यावरच्या माणसाने काही न बोलता पोराला फावडं आणि झाडू देऊन पाठवलं. आकडा 20 वरून 10 वर आला, मग शून्यावर. तेव्हा कुठे ड्रायव्हरने गाडी वर घेतली.