वायफायची सोय सेंट्रिंगवरच

नव्या बंगल्याचं सेंट्रिंग ठोकून झालं, सळई बांधून झाली आणि स्लॅब ओतायला दोन दिवस उरले, की वायरमन येतो. पंख्यांचे बॉक्स आणि दिव्यांचे पाइप सळयांना बांधतो आणि जातो. घरभर वायफाय पोचवायचं असेल तर ते ठरवायची वेळ हीच. राउटर कोणता घ्यायचा हे वर्षभराने ठरवलं तरी बिघडत नाही, तोवर बाजारात नवं मॉडेल आलेलंच असतं. स्लॅबमधून वर जाणारा २५ मिलिमीटरचा एक जादा पाइप मात्र राहून गेला, तर नंतर जिन्याच्या भिंतीवरून पांढरी पट्टी ठोकत वायर न्यावी लागते, आणि ती पट्टी घराच्या मालकिणीला रोज दिसते.

वायर कशाला, वायफाय तर बिनतारी असतं ना? इथेच थोडं गणित करू. रेडिओलहरींची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, दर १० डेसिबलला दहावा हिस्सा उरतो. समजा, राउटर खाली हॉलमध्ये टीव्हीच्या टेबलावर आहे आणि फोन वरच्या मजल्यावर मागच्या बेडरूममध्ये, सरळ रेषेत ८ मीटरवर. राउटर साधारण १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम (१ मिलिवॉटला शून्य धरून मोजलेले डेसिबल) ताकदीने बोलतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नुसत्या मोकळ्या हवेतून ८ मीटर जाताना ६५ डेसिबल गळतात. उरले उणे ४५. वाटेतली ९ इंची विटेची भिंत बाराएक खाते, उरले उणे ५७. वर स्लॅब आहे, तो वीसेक खातो. हाती राहिले उणे ७७. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला उणे ६७ किंवा त्याहून बरा सिग्नल लागतो. म्हणजे पोचतोय तो गरजेच्या दहावा हिस्सा.

त्याच वाटेने २.४ गिगाहर्ट्झची लहर गेली तर तिचं नुकसान कमी होतं. भिंती आणि स्लॅब तिला कमी अडवतात आणि ती उणे ६० च्या आसपास पोचते. म्हणून फोन वर गेला की मुकाट्याने २.४ वर सरकतो. काड्या भरलेल्या दिसतात, पण वेग रडका. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तुमचं, शेजाऱ्याचं, समोरच्या दुकानाचं वायफाय, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच अरुंद बोळात. भरीला फोनचा स्वतःचा आवाज राउटरपेक्षा लहान असतो. त्याला राउटरचं ऐकू येतं, पण त्याचं उत्तर खाली पोचत नाही. काड्या फक्त ऐकू येण्याच्या असतात.

स्लॅबमधल्या सळयांच्या जाळीमुळे सिग्नल अडतो, असं साइटवर सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं आहे. सळयांमध्ये साधारण १५ सेंटिमीटरचं अंतर असतं आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सहाएक सेंटिमीटर. एवढ्या भोकातून ती जाऊ शकते. जास्त खातं ते काँक्रीट, आणि त्यातही त्यातलं पाणी. नवा स्लॅब कित्येक महिने आतून ओला असतो. वास्तुशांतीला वर नेट नीट आलं नाही आणि उन्हाळ्यानंतर थोडं सुधारलं, तर त्यात नवल नाही. कोकणात-गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा उलटा अनुभव येतो. पूर्ण अडवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत: लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याची टाकी. राउटर लोखंडी कपाटाच्या वर मागे सरकवून ठेवणं म्हणजे समईवर पातेलं पालथं घालणं.

तेव्हा उपाय एकच: लहरीला स्लॅब ओलांडायला लावायचं नाही. स्लॅब वायरने ओलांडायचा आणि प्रत्येक मजल्यावर छताला एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा, लावायचा. दीड हजार चौरस फुटांच्या दुमजली घराला खाली एक, वर एक पुरतात. जागा पॅसेजच्या छताला, जिथून खोल्यांची दारं दिसतात. लाकडी दार तीन-चार डेसिबलच खातं, भिंतीच्या मानाने ते उघडंच समजा.

एकमेकांना जोडून घरभर एकच वायफाय देणाऱ्या डब्यांच्या, म्हणजे मेश संचाच्या खोक्यावर तीन डबे आणि घरभर निळी वर्तुळं छापलेली असतात. वायर नसेल तर दुसरा डबा पहिल्याशी हवेतूनच बोलतो. एकाच रेडिओवरून ऐकायचं आणि पुढे सांगायचं, म्हणून दर टप्प्याला वेग निम्म्यावर येतो. आपापसात बोलायला वेगळा रेडिओ असलेले महाग संच ही घट टाळतात, पण स्लॅब त्यांनाही सुटत नाही. त्यातून लोक दुसरा डबा नेमका तिथे ठेवतात जिथे रेंज येत नाही. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? वायर नसेल तर डबा अर्ध्या वाटेवर, जिन्याच्या वळणावर ठेवावा. वायर असेल तर हेच मेश डबे तिला जोडून उत्तम चालतात.

आता वायरचा हिशेब. हॉलमध्ये टीव्हीमागे दोन, वरच्या टीव्हीला एक, अभ्यासाच्या टेबलाशी दोन, छताला ॲक्सेस पॉइंटसाठी दोन, बाहेर चार कॅमेरे, दारावर व्हिडिओ बेल: असे बारा पॉइंट. सरासरी १५ मीटर धरले तर १८० मीटर. कॅट-६ केबलचं खोकं ३०५ मीटरचं येतं, त्यात हे सगळं बसून वर उरतं. साऱ्या वायरी एका जागी आणायच्या: जिन्याखाली किंवा कोठीच्या खोलीत, जिथे हवा खेळते आणि इन्व्हर्टरची लाइन आहे. फायबरचा पाइप गेटपासून तिथपर्यंत वेगळा टाका आणि त्यात काटकोनी एल्बो न लावता मोठ्या गोलाईचे बेंड लावा. कंपनीच्या फायबरच्या डब्यात पोचणारा प्रकाशही डीबीएमनेच मोजतात, साधारण उणे ८ ते उणे २७ मध्ये हवा. केबल घट्ट वळली की वळणावर प्रकाश गळतो आणि डब्यावरचा लाल दिवा लागतो. फायबरच्या केबलला आधाराची पोलादी तार असेल तर ती बाहेरच कापा. काच वीज वाहून आणत नाही, तार आणते.

केबल घेताना एकच गोष्ट कटाक्षाने पाहा: निखळ तांबं. स्वस्त खोक्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असते. टोक ब्लेडने खरवडलं की आत चांदीसारखं चकाकतं. तिचा विरोध जास्त असतो, ती वाकवताना मोडते आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज दिली तर लांबच्या टोकाला ती अपुरी पडते. डेटाचा पाइप विजेच्या पाइपापासून फूटभर लांब ठेवा. ओलांडायचाच असेल तर काटकोनात. पाइपात वायर घालताना हिसके द्यायचे नाहीत, आणि प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी जादा सोडून द्यायची.

सगळ्यात जास्त घोळ टोकाला होतो. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. दोन्ही टोकांना एकच क्रम हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एक हजार मेगाबिटला चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नाही तरी उरलेल्या दोन जोड्यांवर लिंक चालू राहते, फक्त १०० मेगाबिटवर. नेट सुरू आहे म्हणून वायरमन निघून जातो, आणि ३०० चा प्लॅन घेतलेला माणूस वर्षभर ९४ चा आकडा बघत कंपनीशी भांडतो. वेगचाचणीत ९० ते ९५ च्या मध्ये अडकलेला आकडा दिसला की आधी टोक तपासा. गिलाव्याआधी प्रत्येक वायर टेस्टरवर आठही दिवे पाहूनच पास करायची.

कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट यांना वीज त्याच केबलमधून देणारा पीओई स्विच घ्या, म्हणजे छताला वेगळा प्लग लागत नाही. चार कॅमेरे रात्रीच्या दिव्यांसकट ६ वॉटप्रमाणे २४, दोन ॲक्सेस पॉइंट २४, बेल ८, असे ५६ वॉट. ६० चा स्विच काठावर बसतो, ९० च्या पुढचा घ्या. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये लाइन बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. कंपनीच्या डब्यामागे आपला राउटर लावणार असाल तर एकाला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. दोघेही पत्ते वाटायला लागले की घरात दोन नेटवर्क होतात आणि टीव्हीला फोन सापडत नाही.

आता ऑटोमेशनकडे, म्हणजे ॲपवरून चालणाऱ्या दिव्या-पंख्यांकडे येऊ. स्मार्ट बल्ब घेऊ नका. भिंतीवरचं बटण कोणीतरी बंद करणारच, आणि वीज गेलेला बल्ब कितीही हुशार असला तरी बहिराच. हुशारी स्विचबोर्डात ठेवा: नेहमीची बटणं तशीच, मागे ॲपचा हुकूम ऐकणारं छोटं मॉड्यूल. आजीने बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे, नेट असो वा नसो.

त्यासाठी वायरमनला आधीच सांगायचं, की प्रत्येक बोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परतीची तार, हवी. आपल्याकडे सॉकेट असलेल्या बोर्डात ती येतेच. जिन्यातल्या किंवा बाथरूमबाहेरच्या नुसत्या बटणांच्या बोर्डात बहुधा येत नाही. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती आपल्या पोटापुरती वीज दिव्यातूनच ओढतात, म्हणून बंद केलेला एलईडी मंद मिणमिणत राहतो. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला तर त्याहून वाईट. गेलेला आणि परतलेला करंट जुळत नाही आणि आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, पडत राहतो. मग दोन दिवस गळती शोधण्यात जातात. बोर्डाचा बॉक्स सहा बटणांच्या मापाऐवजी आठच्या मापाचा बसवा, नाहीतर मागे वायरी कोंबून मॉड्यूल तापतं.

साध्या पंख्याला वेगाच्या पायऱ्या कपॅसिटरने देणारं मॉड्यूल हवं. दिव्याचा डिमर लावला तर पंखा गुणगुणतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या रिमोटवाल्या पंख्याला यातलं काहीच लावू नका, त्याला पूर्ण वीज द्यायची आणि वेग त्याच्या रिमोटनेच बदलायचा. ३ किलोवॉटचा गीझर १३ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचं मॉड्यूल. पंप मात्र कधीच थेट जोडू नका. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते, त्या ठिणगीने मॉड्यूलमधल्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचे) संपर्क वितळून चिकटतात. ॲपमध्ये पंप बंद दिसतो आणि गच्चीवरची टाकी वाहत असते. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा दणकट रिले, घाला, मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल चालवावी.

मॉड्यूलची बिनतारी भाषा कोणती? वायफायवरची मॉड्यूल स्वस्त, पण ती बहुतेक २.४ वरच चालतात आणि त्यांतली बरीच, राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षापद्धत ठेवली की, जोडलीच जात नाहीत. पाच-सहा बोर्डांपर्यंत ती ठीक. त्यापुढे झिगबी किंवा थ्रेड या कमी विजेवर चालणाऱ्या, वायफायहून वेगळ्या बिनतारी भाषा बऱ्या. झिगबी २.४ च्याच बोळातून चालतं. त्याच्या ११ ते २६ चॅनेलपैकी १५, २० किंवा २५ निवडलं तर वायफायच्या १, ६, ११ मधल्या फटीत किंवा ११ च्या पलीकडे बसतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॅटर या मानकाचा फायदा असा, की वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरला न विचारता बोलू शकतात. ज्या वस्तूवर ते चिन्ह नाही तिच्याबद्दल दुकानदाराला एवढंच विचारा: नेट गेल्यावर ॲपवरून दिवा लागेल का?

पैसे चुकते करण्याआधी दोन गोष्टी स्वतः करून पाहा. फायबरची पिन काढा आणि घरभर फिरून प्रत्येक बटण दाबा. मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. वीज परतल्यावर मॉड्यूलने काय करायचं हे सेटिंगमध्ये ठरवता येतं, आणि ते ‘चालू’वर राहिलं असेल तर रात्री तीनला वीज येते तेव्हा घरातले सगळे दिवे, पंखे आणि गीझर एकदम सुरू होतात. दिव्यांना ‘आधीची स्थिती’, गीझरला ‘बंद’.