फ्रान्सच्या खेड्यात घर घेताना: सही करण्याआधी हे वाचा

लिमुझँ भागातल्या क्रोझ जिल्ह्यात जाड ग्रॅनाइटच्या भिंतींचे घर, मागे परसबाग आणि बाजूला एखादे कोठार, एवढे सगळे 50 हजार युरोंच्या आत आजही मिळते. घरे स्वस्त आहेत, कारण माणसे निघून गेली. एकोणिसाव्या शतकात इथले गवंडी वसंत ऋतूत पॅरिसला जायचे, तिथे इमारती बांधायचे आणि हिवाळ्याला गावी परतायचे. पुढे बरेचजण तिकडेच स्थायिक झाले. कोकणातली कुलूपबंद घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच कळेल.

आम्ही घरे विकत नाही. घर बघायला तुमच्यासोबत येतो आणि कागद वाचून मराठीत समजावतो. तुमच्याकडे आमची एकच आग्रहाची विनंती आहे: आधी छप्पर आणि सांडपाण्याची सोय बघा, मग किमतीचे बोला.

माळ्यावर चढा

गेल्या नोव्हेंबरात एका कुटुंबासोबत घर बघायला गेलो होतो. स्वयंपाकघर नुकतेच रंगवलेले, शेगडीत लाकडे पेटलेली, घर बघताच आवडावे असे. वर माळ्यावर गेलो तर धुराड्याशेजारच्या तुळईखाली एक घमेले ठेवलेले होते, त्यात चार बोटे पाणी. तुळईवर तळहाताएवढा काळा डाग होता आणि तिथे नख दाबले की लाकडात रुतत होते. घर त्यांना मनापासून आवडले होते, पण छपराच्या कामाचा अंदाज हाती येईपर्यंत आम्ही त्यांना थांबायला सांगितले. छपराचा खर्च घराच्या निम्म्या किमतीपर्यंत सहज जातो.

वाडीवस्तीवर सार्वजनिक गटार बहुधा नसते, प्रत्येक घराची स्वतःची सेप्टिक टाकी असते. तिची तपासणी ‘स्पाँक’ ही स्थानिक सरकारी सेवा करते. विक्रीच्या वेळी हा अहवाल 3 वर्षांहून जुना चालत नाही. टाकी नियमात बसत नसेल, तर खरेदीनंतर 1 वर्षाच्या आत ती दुरुस्त करून घेणे नव्या मालकावर बंधनकारक असते. नवी टाकी बसवायला बऱ्याचदा दहा हजार युरोंच्या आसपास खर्च येतो.

ऊर्जेचा दाखला म्हणजे डीपीई. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत त्याच्या श्रेणी आहेत. ‘जी’ श्रेणीचे घर 1 जानेवारी 2025 पासून नव्या करारावर कायमच्या भाडेकरूला देता येत नाही, आणि ‘एफ’ला हाच नियम 2028 पासून लागेल. भाड्याच्या आशेने घर घेणार असाल, तर आधी हे अक्षर बघा.

साठेखत ते खरेदीखत

व्यवहार ‘नोतेर’ या सरकारने नेमलेल्या कायदा अधिकाऱ्यासमोर होतो. विकणाऱ्याचा नोतेर असला तरी तुम्ही स्वतःचा नेमा. दोघे मिळून एकच शुल्क वाटून घेतात, तुमचा खर्च वाढत नाही.

आधी ‘कोंप्रोमी’ होते, म्हणजे आपल्याकडचे साठेखत. त्या वेळी 5 ते 10 टक्के विसार द्यावा लागतो. सही झालेली प्रत हाती आली की दुसऱ्या दिवसापासून 10 दिवस खरेदीदाराला कारण न देता माघार घेता येते आणि विसार परत मिळतो. कर्ज काढणार असाल, तर ‘कर्ज न मिळाल्यास व्यवहार रद्द’ ही अट लिहून घ्याच. खरेदीखत साधारण 3 महिन्यांनी होते. फ्रेंच येत नसेल, तर दुभाषी लागतो.

जुन्या घरावर नोंदणी कर आणि शुल्क मिळून साधारण 8 टक्के धरा. घर फारच स्वस्त असेल तर हे प्रमाण वाढते, कारण काही खर्च ठरलेलेच असतात. पुढे दरवर्षी मालमत्ता कर येतो, आणि दुसरे घर असेल तर निवास करही.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. हे घर आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागते. घर घेतल्याने फ्रान्समध्ये राहण्याचा परवाना मिळत नाही. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसच राहता येते.

घर बघायची तारीख ठरवण्याआधी जाहिरात, डीपीई आणि स्पाँकचा अहवाल आम्हाला पाठवा. शक्यतो नोव्हेंबर ते मार्च या काळातला पावसाचा दिवस धरू. तुम्ही गमबूट घालून या, शिडी आणि बॅटरी आम्ही आणू.