मिडरेंज निवडताना डीएसपीला जे जमत नाही ते आधी बघा

घरी ॲक्टिव्ह स्पीकर बनवायचा म्हटलं की सगळ्यांचा जीव वूफर (खालचे स्वर वाजवणारा) आणि ट्वीटरमध्ये (वरचे स्वर वाजवणारा) अडकतो, मधला ड्रायव्हर, म्हणजे मिडरेंज, मग उरलेल्या पैशात येतो, आणि मला हे अजिबात पटत नाही कारण गाणं मधेच असतं. आपल्या इंदूर घराण्याचे अमीर खाँसाहेब लावा, तो खर्ज, मागे तानपुरा. काळी एकचा सा म्हणजे साधारण 139 हर्ट्झ, पण तानपुऱ्याच्या जवारीतून त्याचे वरचे स्वरांश पार काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात, आणि आपला कान सगळ्यात तिखट असतो तो 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये, कारण कानाची नळीच अडीच-एक सेंटिमीटरची, ती 3 किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. म्हणजे जिथे कान सगळ्यात जास्त चुका पकडतो तिथेच मिडरेंज वाजत असतो.

ॲक्टिव्ह म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला आपापला ॲम्प, आणि आवाजाची विभागणी ॲम्पच्या आधीच झालेली, हल्ली बहुतेक डीएसपीमध्ये, म्हणजे आवाजावर आकडेमोडीने काम करणाऱ्या चिपमध्ये. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी 1976 मध्ये मांडलेला क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज ड्रायव्हरांमध्ये वाटणारा फिल्टर, तिथे दोन मिनिटांत लागतो, सप्तकाला 24 डीबी उतार. मिडची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वीजपुरवठ्यात किती मोठा वाजतो) वूफरशी जुळत नाही? गेन कमी करा. रिस्पॉन्समध्ये (कुठली फ्रिक्वेन्सी किती मोठी येते त्या रेषेत) दोन डीबीचा फुगवटा आहे? काढून टाका. पॅसिव्हमध्ये, म्हणजे विभागणी ॲम्पच्या नंतर होते तिथे, ज्या गोष्टींसाठी लोक महिनोन्महिने कॉइल आणि कपॅसिटर बदलत बसायचे त्या इथे माऊसने होतात. म्हणून डेटाशीटवरची सरळ रेष बघून ड्रायव्हर घेऊ नका, ती रेष तुम्ही स्वतः सरळ करू शकता. जे डीएसपीने सुधरत नाही त्याच्यासाठी पैसे मोजा.

पहिलं म्हणजे आवाज बाजूंना कसा पसरतो. ध्वनीलहरीची लांबी 1 किलोहर्ट्झला 34 सेंटिमीटर, 3 किलोहर्ट्झला साडेअकरा. ड्रायव्हरचा घेर या लांबीच्या जवळ आला की आवाज समोर गोळा व्हायला लागतो आणि बाजूने कमी पडतो, हे भूमितीचं काम आहे, कंपनी कुठलीही असो. हिशोब करून बघा, साडेसहा इंची ड्रायव्हरचा हलणारा भाग साधारण 13 सेंटिमीटरचा, तो 2.5 किलोहर्ट्झला 45 अंश बाजूला जवळपास 5 डीबी पडतो. चार इंचीचा हलणारा भाग 8 सेंटिमीटरचा, तो तिथेच फक्त 2 डीबी. आता ईक्यूने (डीएसपीतल्या फ्रिक्वेन्सीवार कमी-जास्त करण्याने) समोरचा आवाज उचलला तर बाजूचाही तेवढाच उचलला जातो, दोघांतला फरक तसाच राहतो. आपल्याकडे फ्लॅटमधला हॉल म्हणजे खाली टाइल्स, बाजूला उघड्या भिंती, सोफ्यापर्यंत जे पोचतं त्यात भिंतीवरून आलेला आवाज भरपूर असतो, आणि बाजूला 2.5 किलोहर्ट्झ खाली बसलेला असताना लगेच वर छोटा ट्वीटर सगळीकडे पसरत सुरू झाला की गायिकेच्या आवाजाला एक वेगळीच धार येते जी मायक्रोफोन समोर ठेवून दिसत नाही.

मग सरळ लहानातला लहान मिड का घेऊ नये? कारण खाली तो दमतो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट हलावं लागतं. चार इंची ड्रायव्हर मोठ्या बॅफलवर (ड्रायव्हर बसतो त्या समोरच्या फळीवर) 1 मीटरवर 100 डीबी देतो तेव्हा 300 हर्ट्झला कोन एका बाजूला साधारण 0.8 मिलिमीटर हलतो, आणि 150 हर्ट्झला 3.3 मिलिमीटर, जे या आकाराच्या बऱ्याच ड्रायव्हरच्या एक्समॅक्सच्या, म्हणजे कोन नीट हलू शकतो त्या मर्यादेच्या, बाहेर जातं. डोम मिड (कोनऐवजी घुमटाकार पडद्याचे) तर आणखी वरूनच सुरू करावे लागतात. एटीसी या ब्रिटिश कंपनीचा प्रसिद्ध 75 मिलिमीटरचा सॉफ्ट डोम त्यांच्या ॲक्टिव्ह मॉडेलमध्ये 380 हर्ट्झ ते 3.5 किलोहर्ट्झ एवढंच काम करतो. माझं मत विचाराल तर घरच्या हॉलसाठी चार ते पाच इंची कोन, खाली 300 ते 400 हर्ट्झ आणि वर 2.5 किलोहर्ट्झच्या आसपास. यात आवाजाचा सगळा गाभा एकाच ड्रायव्हरकडे राहतो, आणि लहान असल्याने तो ट्वीटरला चिकटून बसवता येतो, हेही महत्त्वाचं, दोघांच्या मध्यांतलं अंतर क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरीच्या लांबीपेक्षा जास्त नको, 2.5 किलोहर्ट्झला ते पावणेचौदा सेंटिमीटर होतं.

आता ब्रेकअप, म्हणजे कोन एकसंध न हलता स्वतःच थरथरायला लागतो ते, इथे पुष्कळ लोक फसतात. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा कोन आपल्या पट्ट्यात अगदी ताठ चालतो, पण वर कुठेतरी, समजा 6 किलोहर्ट्झला, एकदम घंटेसारखा वाजतो. लोक म्हणतात डीएसपीत नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर) टाकला, झालं. नाही झालं. तुम्ही 2 किलोहर्ट्झ वाजवता तेव्हा ड्रायव्हरची मोटर (चुंबक आणि कॉइल) स्वतःच त्याची तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सी, बनवते, 6 किलोहर्ट्झ, आणि ती ॲम्पच्या नंतर, ड्रायव्हरच्या आत जन्माला आलेली असते, तुमचा नॉच तर ॲम्पच्या आधी बसलाय, त्याला ती दिसतच नाही. ती नेमकी त्या घंटेवर पडते आणि मोठी होऊन बाहेर येते. म्हणून ब्रेकअपच्या फ्रिक्वेन्सीला तीनने भागा, क्रॉसओव्हर त्याच्या खाली ठेवा. 2.5 ला कापायचं तर घंटा साडेसात किलोहर्ट्झच्या वर पाहिजे. पेपर, पॉलिप्रॉपिलीन किंवा ग्लास फायबरचे कोन इतके जोरात वाजत नाहीत, थोडे थोडे सगळीकडे वाकतात, पहिल्या प्रोजेक्टसाठी मी तेच सुचवेन. मोटरमध्ये पोलपीसवर (कॉइलच्या आतल्या लोखंडी गाभ्यावर) कॉपरची टोपी किंवा शॉर्टिंग रिंग (धातूचं कडं) असेल तर ती हार्मोनिक मुळात कमी तयार होते, यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. स्कॅनस्पीक, सीअस यांच्याकडे असे ड्रायव्हर आहेत, आणि इंडोनेशियात बनणारे एसबी अकूस्टिक्सचेही बघा.

सेन्सिटिव्हिटीबद्दल एवढंच की ॲक्टिव्हमध्ये ती जुळवावी लागत नाही पण विसरूनही चालत नाही. कमी असेल तर कॉइल जास्त तापते, तांब्याचा रोध 100 अंश तापमान वाढलं की 39 टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे जोरात वाजवताना मिड जवळपास 3 डीबी मागे सरकू शकतो. आणि इंदूरच्या महाराणी रोडवर चक्कर मारून पीएचा (सभा-समारंभांच्या लाऊडस्पीकरचा) खूप लाऊड मिड उचलून आणला तर उलटं होतं, ॲम्प थेट ड्रायव्हरला जोडलेला, मधे रेझिस्टर नाही, रात्री पंखा बंद केला की ॲम्पची सूं सूं ऐकू येते. फोम सराउंड (कोनभोवतीची लवचीक कड) टाळा, काही वर्षांत त्याचा भुगा होतो, रबर घ्या.

मिडला स्वतःचा बंद कप्पा द्या, वूफरच्या हवेत सोडू नका, आत पॉलिफिल (उशीत भरतात तसा पॉलिएस्टरचा कापूस). आणि मिस्त्रीला एक काम आवर्जून सांगा, समोरची फळी 25 मिलिमीटरची असेल तर मिडच्या भोकाची मागची कड राउटरने 45 अंशात तासायची, फक्त जिथे स्क्रू बसतात तिथे लाकूड सोडायचं. मिस्त्री म्हणेल, "भैया, पीछे किसको दिखेगा?" त्याला हात घालून दाखवा की लहान ड्रायव्हरची फ्रेम त्या जाड भोकात जवळजवळ बूच बसल्यासारखी होते आणि कोनच्या मागची हवा बाहेर पडायला जागाच उरत नाही, मग ती बोगद्यासारखी घुमून कोनमधूनच परत येते.

शक्य असेल तर फळी कापायच्या आधी जोडी आणा, टेस्ट बॅफलवर लावा, आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक कॅलिब्रेटेड यूएसबी माइक लागेल. समोरून, 30 अंशांवर, 45 अंशांवर स्वीप (खालून वरपर्यंत सरकत जाणारा स्वर वाजवून केलेली मोजणी) घ्या, आणि डिस्टॉर्शनचा ग्राफ उघडून तिसऱ्या हार्मोनिकची रेष कुठे वर उठते ते बघा. वरचा क्रॉसओव्हर कुठे ठेवायचा ते या दोन ग्राफवरून ठरवा.